‘आम्ही’ आणि ‘आपण’ : कूतच्या वेढ्यातील एका शुश्रूषकाची साक्ष

१

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि त्यांतील सर्वांत मोठा भाग मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, भूमीवर उतरला. एवढ्या मोठ्या जनसमूहाने स्वतःच्या अनुभवाविषयी स्वतःच्या भाषेत काय म्हटले, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास साहजिकच पडतो. उत्तर शोधू लागले म्हणजे तीन प्रकारची साधने समोर येतात आणि तिन्ही साधने काही ना काही हातचे राखून ठेवतात.

पहिले साधन दगडाचे. बसरा येथील स्मारक ४०,००० हून अधिक मृतांचे आहे. परंतु त्यावर हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांचीच नावे कोरली गेली. सामान्य शिपायांच्या वाट्यास पलटणीच्या नावापुढील केवळ आकडा आला. १९९७ मध्ये हे स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले, तरी आकडे आकडेच राहिले. सातारा जिल्ह्यात व कोकणात गावोगावी जे महायुद्धाचे शिलालेख आढळतात, त्यांचीही तऱ्हा तीच : या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके परतले नाहीत. दुसरे साधन पत्रांचे. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे लष्करी तपासनिसांच्या नजरेखालून जात आणि त्यांतील उतारे इंग्रजीत भाषांतरित होऊन दप्तरात जमा होत. ती दप्तरे लंडनमध्ये सुरक्षित आहेत. मूळ शब्द मात्र बहुतांशी नाहीसे झाले. तिसरे साधन ध्वनीचे. १९१५ नंतर जर्मनीतील युद्धकैद्यांच्या छावण्यांत विल्हेल्म डोगेन व त्याच्या सहकाऱ्यांनी हिंदी कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. आपल्या शास्त्राच्या इतिहासात त्या संग्रहास स्थान आहे. परंतु तेथे माणूस बोलतो तो भाषेचा नमुना म्हणून आणि यंत्र असते ते त्याला कैद करणाऱ्याच्या हाती.

या तिहींहून वेगळे असे एक चौथे साधन आहे. ते शिपायाचे नाही, सेनानीचेही नाही. ते आहे जखमींना उचलणाऱ्या एका बंगाली तरुणाचे. शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांचा ‘अभि ले बगदाद’ हा बंगाली ग्रंथ १९५०-६० या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. इंग्रजी वाचकांना त्याची ओळख मुख्यतः गेल्या काही वर्षांत, अमिताव घोष आणि शंतनु दास यांच्या लेखनामुळे झाली. प्रस्तुत लेखात या ग्रंथामागील घटनाक्रम थोडक्यात मांडून, मराठी भाषेच्या एका व्याकरणिक विशेषाच्या प्रकाशात त्याचा विचार करावयाचा आहे. मराठी वाचकास हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. ज्या सैन्याबरोबर सर्वाधिकारी गेले, त्याचे नावच ‘सहावी (पुणे) डिव्हिजन’ असे होते आणि तीत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या.

२

हा तरुण बंदूक घेऊन न जाता डोली घेऊन का गेला, याचे उत्तर त्याच्या स्वभावात नव्हे, तर वसाहतीच्या वर्गीकरणात सापडते. ‘लढवय्या जाती’ आणि ‘न लढणाऱ्या जाती’ अशी जी विभागणी इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी केली होती, तीत बंगाली माणसास सैन्यात जागा नव्हती. (याच विचारसरणीने १८९२ नंतर महारांची भरती थांबविली आणि १९१७ मध्ये माणसांची टंचाई पडली तेव्हाच १११ वी महार पलटण उभी केली, हे आपल्याकडील अभ्यासकांस विदित आहे.) शस्त्राचा दरवाजा बंद असता शुश्रूषेचा दरवाजा किलकिला होता. गांधीजींनी १८९९ मध्ये नाताळात हिंदी शुश्रूषापथक उभे केले, तेही याच दरवाजाने. १९१५ मध्ये डॉ. सुरेशप्रसाद सर्वाधिकारी यांच्या पुढाकाराने ‘बंगाल अ‍ॅम्ब्युलन्स कोअर’ स्थापन झाली आणि सुशिक्षित बंगाली तरुण तीत सामान्य शिपायाच्या दर्जाने दाखल झाले. शिशिरप्रसाद त्यांपैकी एक होते.

येथे ‘डोली’ या शब्दाविषयी दोन वाक्ये लिहिणे अस्थानी होणार नाही. हा शब्द आपल्या भाषांतून इंग्रजी लष्करी परिभाषेत गेला. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात एक दंतकथा नोंदविलेली आहे : हिंदुस्थानातील लढाईचे वर्णन ऐकून विलायतेतील एका वक्त्याने असा समज करून घेतला की, ‘डोली’ ही कोणी रानटी टोळी असून तिने जखमी सैनिकांना पळवून नेले. गोष्ट हास्यास्पद खरी; पण वाहून नेणारा माणूस वर्णनातून किती सहज गळून पडतो, हे तीवरून ध्यानी येते. वाहन उरते, नाहीतर राक्षस उरतो. माणूस उरत नाही.

३

बंगाली पथक १९१५ च्या उन्हाळ्यात मेसोपोटेमियात पोहोचले व तैग्रीसकाठच्या अमारा येथे त्याचे रुग्णालय उभे राहिले. त्यातील एक तुकडी जनरल टाउनशेंड याच्या बगदादकडील चढाईत सामील झाली. बगदाद काही मैलांवर असताना, २२ नोव्हेंबर १९१५ रोजी, टेसिफॉन येथे लढाई झाली. आपले शिपाई त्या जागेस सलमान पाक म्हणत. सुमारे साडेचार हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. एवढ्या जखमींची सोय कोणी केलेलीच नव्हती. कमानी नसलेल्या, खेचरांच्या मालवाहू गाड्यांत मोडलेल्या हाडांची माणसे घालून नदीकाठापर्यंत नेण्यात आली आणि तेथून बोटींत अक्षरशः रचण्यात आली. यांपैकी ‘मेजिदिए’ ही बोट बसऱ्यास लागली तेव्हा तिची अवस्था पाहून मेजर मार्कहॅम कार्टर या वैद्यकीय अधिकाऱ्याने वरिष्ठांना खडसावून अहवाल दिला. त्याबद्दल त्यालाच अटकेची धमकी मिळाली. परंतु हे प्रकरण दडपता आले नाही. १९१७ मध्ये मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला. आयोगाने जे ग्रंथबद्ध केले, ते शुश्रूषकांनी हातांनी पेलले होते.

टाउनशेंड माघार घेऊन ३ डिसेंबरला कूत येथे आला. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्याने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. या पाच महिन्यांत शुश्रूषकाने जे पाहिले, त्यात एक गोष्ट वैद्यकाच्या व समाजशास्त्राच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. एकाच भिंतीआड कोंडलेल्या एकाच सैन्याला दोन वेगवेगळे रोग झाले. गोऱ्या सैनिकांस पांढऱ्या मैद्याचा पाव मिळे. त्यात ‘ब’ जीवनसत्त्वाचा अभाव असल्याने त्यांना बेरीबेरी झाला. हिंदी शिपायांस कोंड्यासह दळलेले पीठ व पुढे जव मिळाल्याने त्यांचा त्या रोगापासून बचाव झाला. परंतु भाजी नाही आणि घोड्याचे मांस धर्मास निषिद्ध, त्यामुळे त्यांच्या हिरड्या स्कर्व्हीने सडल्या. धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागविली गेली, तरी पुष्कळांनी एप्रिलपर्यंत ते मांस तोंडी लावले नाही. सैन्य एक, सेनापती एक, शत्रू एक. परंतु ताटे दोन, म्हणून रोगही दोन. ‘आपण सारे एका ध्वजाखाली’ या घोषणेतील ‘आपण’ हा शब्द किती सैल होता, हे रुग्णालयाच्या नोंदवहीइतके स्पष्ट अन्यत्र कोठे दिसणार नाही.

शरणागतीनंतर ही फूट उघडी पडली. अत्यवस्थ अशा अकराशेच्या आसपास रुग्णांची तुर्की कैद्यांच्या बदल्यात सुटका झाली. अधिकाऱ्यांना वेगळे काढण्यात आले. खुद्द टाउनशेंडची इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सोयीस्कर व्यवस्था झाली. सामान्य सैनिक मात्र बगदादहून रेल्वेने सामऱ्यापर्यंत आणि पुढे पायी मोसूलवरून रास-अल-ऐनकडे हाकण्यात आले. या दोन ठिकाणांमध्ये बगदाद रेल्वेचा रस्ता अपुरा होता. तो पुरा करण्यासाठीच कैद्यांचे श्रम हवे होते. १९०६ च्या जिनिव्हा करारानुसार शुश्रूषकांना युद्धकैदी म्हणून वागविता येत नव्हते. तथापि करार कागदावर राहिला आणि सर्वाधिकारी इतरांबरोबर चालू लागले. ब्रिटिशांच्या अधिकृत इतिहासानुसार कैद झालेल्या सामान्य हिंदी सैनिकांपैकी १,२९० जणांचा मृत्यू निश्चित झाला आणि १,७७३ जणांचा कधीच मागमूस लागला नाही. गोऱ्या सामान्य सैनिकांत मृत्यूचे प्रमाण याहून भयंकर होते : २,५९२ पैकी १,३०६ मृत व ४४९ बेपत्ता.

रास-अल-ऐन हे नाव अर्मेनियन लोकांच्या इतिहासातही काळ्या अक्षरांत लिहिले गेले आहे. हद्दपार केलेल्या अर्मेनियन जनतेचे तांडे येथे आणण्यात आले आणि त्यांचा संहार झाला. वाटेतील ओसाड गावे आणि उरलेली निराधार मुले सर्वाधिकारींनी पाहिली व लिहून ठेवली. या संहाराविषयी हिंदी माणसाने स्वतः पाहून लिहिलेले असे लेखन अत्यंत विरळ आहे. पुढे रास-अल-ऐन व अलेप्पो येथील रुग्णालयांत त्यांना काम मिळाले. रोगी तुर्की सैनिक होते. त्यांची सेवा करता करता ते तुर्की भाषा शिकले.

४

आता ग्रंथाच्या पाठाकडे वळू. सर्वाधिकारी युद्धात रोजनिशी लिहीत होते. शरणागतीच्या वेळी ती जप्त होईल म्हणून त्यांनी तिची पाने फाडून आपल्या बुटांत दडविली. वाटचालीत नदीच्या पाण्याने ती भिजली. काही काळ हे कागद रास-अल-ऐन येथे जमिनीत पुरून ठेवावे लागले आणि पुढे कैदेतच त्यांची पुन्हा नक्कल करण्यात आली. मायदेशी परतल्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, सुनेच्या साहाय्याने, त्यांतून ग्रंथ सिद्ध झाला. म्हणजे आज आपल्या हाती असलेल्या पाठाचे निदान तीन थर आहेत : घटनेच्या दिवशी लिहिलेले, कैदेत स्मरून नकललेले आणि वृद्धपणी घरात बसून सांगितलेले. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यास हे थर वेगळे करण्याचा मोह होईल. परंतु हे थर हीच या साक्षीची विश्वसनीयता आहे, असे मला वाटते. जे तीनदा लिहावे लागले, ते विसरावयाचे नाही असा लेखकाचा निश्चय त्यातून व्यक्त होतो.

या पाठाभोवतीची भाषिक परिस्थितीही ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्रंथ बंगाली, त्याचे नाव मात्र छावणीतल्या हिंदुस्थानीतले. कारण सैन्याचा व्यवहार हिंदुस्थानीत चाले. इंग्रज अधिकारी ती रोमन लिपीत शिकत. साताऱ्याचा मराठा जखमी आणि कलकत्त्याचा शुश्रूषक यांस एकमेकांशी बोलावयाचे तर ते या तिसऱ्याच भाषेत. जी दोघांचीही मातृभाषा नव्हती. वेदना सांगण्याचे शब्द तरी निदान मातृभाषेतले असावेत, एवढीही सोय तेथे नव्हती. पुढे अलेप्पोत तुर्की आली. अशा रीतीने हा शुश्रूषक रुग्णाच्या देहाचा वाहक होता, तसाच त्याच्या बोलण्याचाही वाहक झाला.

हा ग्रंथ कोणी मराठीत आणू लागला, तर त्याला पहिल्याच पानापासून एका अडचणीस तोंड द्यावे लागेल. बंगालीत उत्तमपुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम एकच, ‘आमरा’. प्रमाण हिंदुस्थानीत ‘हम’ आणि तुर्कीत ‘बिझ’ यांचीही स्थिती तीच. मराठीत मात्र दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. हा भेद गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळमध्ये आहे आणि मुंबईच्या बाजारी हिंदीतील ‘अपन’ मध्येही तो डोकावतो. ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’ पासून प्राकृत ‘अप्पाण’ द्वारा आला. बंगालीतील आदरार्थी ‘आपनि’ त्याच कुळातला. परंतु तेथे तो समोरच्यापुरता राहिला, बोलणारा त्यात सामावला नाही.

याचा अर्थ असा की, ‘आमरा’ आले की मराठी भाषांतरकाराला दर वेळी ठरवावे लागेल : यात कोण कोण आहे? पथकातील बंगाली तरुण इंग्रज अधिकाऱ्याविषयी बोलतात तेव्हा ‘आम्ही’. वेढ्यात उपासमारीच्या दिवसांत गोरा सैनिक आणि हिंदी शुश्रूषक शेजारी बसले आहेत. एक घोडा खातो, दुसरा खात नाही. ‘आम्ही भुकेलो’ की ‘आपण भुकेलो’? आणि अलेप्पोच्या रुग्णालयात ज्याच्या सैन्याने आपणांस कैद केले, असा तुर्की शिपाई खाटेवर पडून आपल्या गावच्या शेताविषयी, घरच्या माणसांविषयी बोलू लागतो, शुश्रूषक त्याला आपल्या घराविषयी सांगू लागतो आणि दोघांनाही हे युद्ध कोणा तिसऱ्याचे वाटू लागते, तेव्हा? तेथे मराठीत ‘आपण’ हाच शब्द योजावा लागेल. राजकीय नकाशावर शत्रू असलेला माणूस सर्वनामाच्या कक्षेत आलेला असेल. बंगाली वाक्यात हे संक्रमण शब्दाच्या बाह्य रूपात दिसत नाही. ते संदर्भातून उमगते. मराठीत ते व्याकरणाने उच्चारून सांगावे लागते. एका भाषेची सोय दुसऱ्या भाषेतील अर्थ कसा उघडा करते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

माझे म्हणणे असे की, शुश्रूषकाच्या युद्धसेवेचे सारच या सर्वनामाच्या विस्तारात आहे. लढणाऱ्याला ‘आम्ही’ आणि ‘ते’ हा भेद जपावाच लागतो. त्यावाचून बंदूक उचलता येणार नाही. जखम बांधणाऱ्याचा हात मात्र तो भेद प्रत्यही पुसत असतो. हे पुसणे कोणत्याही उपदेशातून येत नाही. ते कामाच्या स्वरूपातूनच येते. स्कर्व्हीने सुजलेली हिरडी मराठ्याची असो वा तुर्काची, स्वच्छ करण्याची रीत एकच असते.

५

परतण्याचा विचार या संदर्भात केला पाहिजे. कूतचा आणखी एक बंगाली बंदिवान परतला नाही. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे सैन्यातील डॉक्टर १९१७ मध्ये रास-अल-ऐन येथे कैदेत तापाने वारले. दुसऱ्याची भूमी बळकावण्यास जे देशप्रेम म्हणून गौरविले जाते, त्याविषयी त्यांनी आईला लिहिलेल्या पत्रांत तीव्र उद्वेग आढळतो. ही पत्रे आज उपलब्ध आहेत ती त्यांच्या ऐंशीच्या घरातील आजीमुळे. मोक्षदादेवींनी १९२८ मध्ये नातवाचे चरित्र ‘कल्याणप्रदीप’ या नावाने प्रसिद्ध केले. देह परतला नाही, शब्द परतले. आणि ते परत आणण्यास घरातील एक वृद्ध स्त्री लागली.

सर्वाधिकारींच्या बाबतीत उलट घडले. देह महायुद्ध संपताच परतला. शब्द परतावयास चाळीस वर्षे लागली. त्यांच्या मौनाची खाजगी कारणे शोधण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येईल की, ज्या देशात ते परतले त्याचे ‘आपण’ त्या वेळी नव्याने घडत होते. रौलट कायदा, १३ एप्रिल १९१९ चे जालियनवाला बागेतील हत्याकांड, त्यामागून असहकाराची चळवळ. या नव्या ‘आपण’ मध्ये साम्राज्याच्या गणवेशात सेवा केलेल्या माणसास बसण्यास जागा नव्हती. साम्राज्याच्या ‘आपण’ मध्ये तर ती कधीच नव्हती. बसऱ्याच्या दगडावरील आकडे त्याची साक्ष देतात. अशा वेळी ज्याच्या ‘आपण’ मध्ये तुर्की शिपाई आणि अर्मेनियन अनाथ मूलही सामावले होते, त्याने ते कोणाला सांगावे? घरी परतणे म्हणजे ऐकणाऱ्याला ‘आपण’ म्हणता येणे, असा अर्थ घेतला तर हे परतणे ग्रंथ छापून होईपर्यंत अपूर्णच होते.

आणि आपल्या तीन मराठा पलटणी? त्यांतील पुष्कळ माणसे कूतहून त्याच वाटेने चालली. त्यांच्या चालण्याचे, तहानेचे, एकमेकांना उचलण्याचे जे वर्णन आपणांस मिळते, ते बंगाली शुश्रूषकाच्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून. हा काही दोषारोप नव्हे. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याने ग्रंथ लिहावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. परंतु लेखन नाही म्हणून भाषा नव्हती, असे होत नाही. ज्या घरांतून माणूस ‘पलटणीत’ गेला, तेथे निवृत्तिवेतनाचे कागद, पदके, लेखकाकडून लिहवून घेतलेले एखादे कार्ड, आजीने नातवंडांस सांगितलेली हकीकत, जात्यावरची एखादी ओवी यांपैकी काहीतरी टिकून असण्याचा संभव आहे. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थी बोलींच्या पाहणीसाठी सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या भागांत जातातच. ध्वनी व रूपे नोंदविताना त्यांनी ही चौकशीही करावी, अशी सूचना करावीशी वाटते. हकीकत सांगणारा माणूस पणजोबांविषयी बोलताना ‘ते’ म्हणतो, ‘आम्ही’ म्हणतो की ‘आपण’ म्हणतो, हे नोंदवहीत लिहिण्यास विसरू नये. डोगेनने जे यंत्र कैद्यापुढे धरले होते, त्याहून फार चांगले यंत्र आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. ते नमुन्यासाठी नव्हे, तर ऐकण्यासाठी धरले जावे. कूतला गेलेल्यांची पाचवी पिढी आता घरांत वावरत आहे. ज्यांनी त्या माणसांना प्रत्यक्ष पाहिले होते, अशांची संख्या आता अत्यल्प उरली आहे, आणि ही पाहणी पुढील सुट्टीवर ढकलण्याइतका अवधी त्यांच्याजवळ असेलच असे नाही.